उत्तर कोण देणार, ते आधी सांगा

संपादक महोदय, नमस्कार.

दूरशिक्षणाबद्दल पेपरात जे काही छापून येतं ते मी न चुकता वाचते, कारण गेली १७ वर्षं मी हेच काम करतेय. संख्याशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थी बहुतेक नोकरी करणारे, घर सांभाळणारे, कोणी तर वीस वर्षांनी परत वही उघडलेले. आणि त्या बातम्यांमध्ये काय असतं, तर अमुक इतके व्हिडिओ तयार झाले, नवीन अॅप आलं, इतके हजार जण एका वेळी लाइव्ह होते. वाचून झालं की मला दरवेळी एकच प्रश्न पडतो आणि तो कुणी विचारलेला दिसत नाही, म्हणून हे पत्र. शिकणाऱ्याला अडलं तर त्याने विचारायचं कुठे, उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत देणार?

सुरुवात माझ्याच वर्गापासून करते, कारण चूक माझ्याकडूनच झालेली आहे. काही वर्षांपूर्वी लाइव्ह तासाला मी प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते सांगणारं माप, शिकवत होते, साठ-सत्तर जण जॉइन झालेले, सगळ्यांचे माइक म्यूट, कॅमेरे बंद, माझ्यासमोर नुसते काळे चौकोन आणि त्यावर नावं. मी मधूनमधून विचारायचे, कळलं ना सगळ्यांना? चॅटमध्ये पाच-सहा जणांचं 'येस मॅम' यायचं आणि मी पुढे जायचे. स्लाइड फुल स्क्रीन केली की मला चॅट दिसायचीच नाही, आणि स्लाइड बदलून परत येईपर्यंत जुने मेसेज वर सरकलेले असायचे. त्या तासाला एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, "मॅम, शेवटी भागताना एन ने का नाही भागायचं, एन वजा १ का?" एन म्हणजे एकूण आकडे किती आहेत ती संख्या. मी ते वाचलं नाही. पुढच्या तासाला तिने परत लिहिलं, परत तेच झालं. तिसऱ्या तासापासून ती आलीच नाही. सत्र संपल्यावर जे गळाले त्यांना मी एकेकाला फोन करत होते, तेव्हा ती मला म्हणाली, "मला वाटलं माझा प्रश्न फारच साधा आहे, म्हणून तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही आहात." फोन ठेवल्यावर मी सेव्ह झालेली चॅट उघडली आणि ते दोन्ही मेसेज वाचले, वेळेसकट. त्या सत्रात कुणीही विचारलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. ज्यांनी 'येस मॅम' लिहिलं त्यांच्यातल्या किती जणांना ते कळलं होतं हे मला आजही माहीत नाही, पण हिला काय कळलं नव्हतं ते हिने नेमकं सांगितलं होतं आणि मी बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयाचा जरा मागचा इतिहास वाचायला लागले आणि एक गोष्ट मनात पक्की बसली. १७२८ साली बॉस्टन गॅझेटमध्ये केलेब फिलिप्स नावाच्या शिक्षकाची जाहिरात आली होती, शॉर्टहँडची. गावोगावी राहणाऱ्यांना दर आठवड्याला धडे पाठवू आणि तेही बॉस्टनमध्ये राहणाऱ्यांइतकेच तयार होतील, असा मजकूर. म्हणजे पाठवणार, एवढंच. त्यानंतर १८४० साली इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमनने पण शॉर्टहँडच शिकवलं, पण त्याने एक वेगळी गोष्ट केली. त्याच वर्षी तिथे सगळ्या देशभर एक पेनीत पत्र जायला लागलं होतं, त्याचा फायदा घेऊन तो छोट्या कार्डांवर धडा पाठवायचा, विद्यार्थी बायबलमधला उतारा शॉर्टहँडमध्ये लिहून त्याच्याकडे परत पाठवायचा, आणि पिटमन तो तपासून, चुका दाखवून पुन्हा विद्यार्थ्याला पाठवायचा. दूरशिक्षणाची सुरुवात बरेच जण १८४० ची धरतात, आणि मला ते पटतं, ते याच परतीच्या टपालामुळे. धडा पाठवणं म्हणजे अर्धंच काम. विद्यार्थ्याने लिहिलेलं शिक्षकाने वाचलं आणि त्यावर काहीतरी लिहून परत केलं तिथे शिकवणं सुरू होतं.

पुढे १८७३ मध्ये बॉस्टनलाच अॅना टिकनॉर या बाईंनी घरबसल्या शिकणाऱ्या बायकांसाठी एक मंडळ काढलं, तेव्हा कॉलेजची दारं बायकांना फारशी उघडी नव्हती. शिकवणाऱ्याही बायकाच. दर महिन्याला विद्यार्थिनीने पत्र लिहायचं, काय वाचलं, काय समजलं, कुठे अडलं, आणि शिकवणारीने त्याला उत्तर द्यायचं. चोवीस वर्षांत ७,०००च्या आसपास बायका त्यातून शिकल्या, साधन काय, तर कागद, शाई आणि टपाल. आजच्या कुठल्याही प्लॅटफॉर्मचं फीचर्सचं पान काढून बघा आणि त्याच्याशेजारी हे ठेवा. महिन्यातून एक पत्र, पण ते तिच्या नावाने आलेलं, तिच्याच प्रश्नाला.

रेडिओचं उदाहरण तर मला फार आवडतं. ऑस्ट्रेलियात एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब राहणाऱ्या मुलांसाठी १९५१ मध्ये अॅलिस स्प्रिंग्सहून रेडिओवरची शाळा सुरू झाली. तिथे विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांसाठी आधीपासून रेडिओचं जाळं होतं, त्याच संचांवर धडे द्यायचे. अॅडलेड मिएथ्के या शिक्षिकेची ती कल्पना. सुरुवातीला धडे एकतर्फी होते, शिक्षक बोलणार आणि मुलं ऐकणार. पण लगेचच लक्षात आलं की असं चालणार नाही, मग प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवली गेली. आणि गंमत बघा, मूडल नावाचं ऑनलाइन कोर्स चालवायचं जे सॉफ्टवेअर आज जगभरच्या शाळा-कॉलेजात वापरतात ते ज्याने बनवलं तो मार्टिन डुगियामस लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या अशाच दूरच्या भागात राहून रेडिओच्या शाळेत शिकलेला. २००२ मध्ये मूडलची पहिली आवृत्ती आली आणि त्यात चर्चेसाठी फोरम होता, म्हणजे प्रश्न लिहायचे, इतरांनी सवडीने उत्तरं लिहायची आणि ते सगळं तिथेच राहायचं अशी जागा. ज्याने लहानपणी रेडिओवर बोलायला आपली पाळी कधी येते याची वाट बघितलीय त्याला फोरम का लागतो हे वेगळं सांगायला नको, असं आपलं मला वाटतं.

आता आपण काय करतोय? बऱ्याच कोर्समध्ये मी बघते, फोरम असतो पण बंद असतो, किंवा चालू असतो आणि त्यात पहिल्या आठवड्यातल्या 'हॅलो एव्हरीवन' नंतर काहीच नसतं. त्याऐवजी फोनवर ग्रुप काढतात. ग्रुप काढायला माझी काही हरकत नाही, सगळ्यांकडे फोन असतो, वापरायला सोपा, नेट कमी असलं तरी मेसेज जातो. पण मग तो ग्रुप फक्त अॅडमिनला लिहिता येईल असा करून ठेवतात! कारण विचारलं तर सांगतात, मुलं गुड मॉर्निंग टाकतात, फॉरवर्ड टाकतात, महत्त्वाची नोटीस हरवते. बरोबर आहे, हरवते. मग नोटिशीसाठी वेगळा ग्रुप काढा ना. विद्यार्थ्याच्या हातात प्रश्न विचारायचं जे एकमेव साधन आहे त्याचं तोंड बंद करून आपण त्याला दर दोन दिवसांनी पीडीएफ पाठवत राहतो, आणि याला 'सतत संपर्कात आहोत' म्हणतो. हे १७२८ च्या जाहिरातीकडे परत जाणं झालं, फक्त कागदाच्या जागी फोन आलाय.

मायकेल मूर नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात एक विचार मांडायला सुरुवात केली, त्याला ट्रान्झॅक्शनल डिस्टन्स म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती आहे, कोर्स किती ताठ बांधलेला आहे आणि शिकणारा स्वतःच्या पायावर किती उभा राहू शकतो, या तिन्हीवर ते ठरतं. संवाद कमी आणि कोर्स ताठ, तर अंतर वाढतं, मग तो विद्यार्थी शेजारच्या खोलीत का बसलेला असेना. हे एकदा डोक्यात आलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. दोनशे जणांच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसलेला मुलगा हा पण दूरशिक्षणातलाच असतो. आणि उलट, महिन्याला एक पत्र लिहिणारी ती टिकनॉरबाईंची विद्यार्थिनी शिक्षिकेच्या फार जवळ असते.

यावर मला हमखास ऐकवतात की आता व्हिडिओ कॉल आहे, समोरासमोर बोलता येतं, अजून काय पाहिजे. व्हिडिओ कॉलला मी नाही म्हणत नाही, मी स्वतः घेते. पण त्याच्या मर्यादा समजून न घेता त्याच्यावरच सगळा भार टाकणं चुकीचं आहे आणि त्याची कारणं अगदी साधी आहेत. माणसं बोलत असतात तेव्हा एकाचं संपलं की दुसरा किती वेळात सुरू होतो, याचा वेगवेगळ्या दहा भाषांमध्ये अभ्यास झाला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. इतक्या बारीक वेळेवर आपलं बोलणं चालतं. आता नेटवर आवाज पोचायलाच वेळ लागतो, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो असं धरलंय, आणि रेंज खराब असली की तो त्याच्या कितीतरी वर जातो. मग काय होतं, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तुम्ही बोला", "नाही नाही तुम्ही बोला", आणि जो मुळात लाजरा आहे तो ठरवूनच टाकतो की आपण काही आता माइक चालू करत नाही.

त्यात आम्ही शिक्षक घाईचे. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत, स्वतःच बोलायला लागतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागतात. हे समोरासमोरच्या वर्गातलं. ऑनलाइनमध्ये माइक अनम्यूट करायलाच तीन सेकंद जातात! म्हणून मी आता प्रश्न विचारला की घड्याळाकडे बघून दहा सेकंद गप्प बसते. सुरुवातीला ती शांतता खायला उठायची, विद्यार्थी विचारायचे, "मॅम तुमचा आवाज गेलाय का?" आता सवय झालीय आणि त्या दहा सेकंदांत चॅटमध्ये जे येतं ते 'येस मॅम' पेक्षा पुष्कळ कामाचं असतं. स्लाइड पण फुल स्क्रीन करत नाही, चॅट बाजूला उघडी ठेवते, आणि दर तासाला एका विद्यार्थ्याला काम देते की तू फक्त चॅट वाच आणि प्रश्न आला की मला मध्येच तोड.

कॅमेऱ्याबद्दल पण सांगते, कारण कॅमेरा चालू करा म्हणून सक्ती करणारे पुष्कळ आहेत. जेरेमी बेलेन्सन या संशोधकाने २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने माणूस का दमतो याची चार कारणं मांडली. सगळे चेहरे एकदम जवळून आपल्याकडे बघतायत असं वाटणं, स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसणं, जागेवरून हलता न येणं, आणि नेहमी न बोलता जे कळतं ते कळवण्यासाठी मुद्दाम जास्त कष्ट घ्यावे लागणं. यात अजून एक गोष्ट मी माझ्याकडची घालते, ती म्हणजे प्रत्येकाच्या मागे दाखवण्यासारखी भिंत नसते आणि प्रत्येकाला शांत खोली मिळत नाही. एकदा एक विद्यार्थी जिन्यात बसून तास ऐकत होता, त्याला मी कॅमेरा चालू कर म्हटलं आणि त्याने कॉलच बंद केला. त्यानंतर मी कुणालाही तसं म्हटलेलं नाही.

आणि डेटाचा हिशोब तर कुणी करतच नाही. बोलण्याचा आवाज आजच्या ओपससारख्या कोडेकने, म्हणजे आवाज कमी डेटात बसवणाऱ्या तंत्राने, २४ केबीपीएसमध्ये (सेकंदाला २४ किलोबिट) छान ऐकू येतो, म्हणजे तासाभराचं बोलणं ११ एमबीच्या आत. तेच साधा व्हिडिओ ६०० केबीपीएसने धरला तर तासाला २७० एमबी होतात. पंचवीस पट! आणि त्या व्हिडिओत काय असतं, एका कोपऱ्यात माझं डोकं. आकृत्यांचं पान आधी पाठवून ठेवलं आणि आवाजावर तास घेतला तर ज्यांची रेंज कमी आहे ते सुद्धा शेवटपर्यंत टिकतात, हे मी करून बघितलंय. साधन जितकं भारी तितकं शिक्षण चांगलं, असं मानून जे काही विकत घेतलं जातं त्याच्यात हा विद्यार्थी पहिला बाहेर पडतो.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते सांगते. त्या विद्यार्थिनीशी फोनवर बोलल्यानंतरच्या सत्रात मी लाइव्ह तास निम्मे केले आणि उरलेला वेळ लेखी चर्चेला दिला. फोरम उघडला, विषयवार धागे, म्हणजे प्रत्येक विषयाची चर्चा वेगळी, आणि सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे विचारलेल्या प्रश्नाला ४८ तासांच्या आत मी उत्तर देणार म्हणजे देणार, उत्तर येत नसेल तर 'बघून सांगते' एवढं तरी लिहिणार. पहिले दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. मला वाटलं फसला प्रयोग. मग मी स्वतःच पहिला प्रश्न टाकला, त्या विद्यार्थिनीचाच, नाव न घेता. मागच्या बॅचमधल्या एकीने हे विचारलं होतं, एन वजा १ ने का भागतात, आणि तिला उत्तर मिळालं नव्हतं, तुम्हाला काय वाटतं?

पहिलं उत्तर सहा तासांनी आलं, "पुस्तकात सूत्र तसंच आहे." दुसऱ्याने लिहिलं, "एन ने भागून आणि एन वजा १ ने भागून मी दोन्ही करून बघितलं, वजा १ ने उत्तर थोडं मोठं येतं, पण का ते माहीत नाही." मग दिवसभर काही नाही. रात्री उशिरा एका विद्यार्थ्याने लिहिलं, हा गोदामात हिशोब ठेवायचं काम करतो, त्याचं लिहिणं मी जवळजवळ जसंच्या तसं देते. "समजा पाच पेट्यांचं सरासरी वजन आधीच कळलंय. मग चार पेट्या मोजल्या की पाचवी मोजायची गरजच नाही, ती आपोआप कळते. म्हणजे मोकळे आकडे चारच. आपण सरासरी त्याच आकड्यांतून काढली म्हणून एक आकडा बांधला गेला, असं आहे का?" मी ते वाचून खुर्चीतून उठले. हेच ते, याला आम्ही मुक्तिमात्रा वगैरे जड शब्दात फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. मी फक्त एवढंच लिहिलं, "हो, असंच आहे, आता मला सांगा, सरासरी बाहेरून मिळाली असती, या आकड्यांतून काढली नसती, तर किती ने भागायचं?" त्याच्यावर परत वीस-बावीस मेसेज झाले. जे लाइव्ह तासाला सत्र संपेपर्यंत एकदाही बोलले नव्हते असे सात जण त्या धाग्यात लिहीत होते.

हे लाइव्ह तासात का झालं नसतं? कारण विचार करायला वेळ लागतो. त्या गोदामवाल्या विद्यार्थ्याला दिवसभर काम करता करता ते सुचलं असणार, पेट्या समोर होत्या म्हणून सुचलं असणार. तासाला विचारलं असतं तर त्याच्याकडे तीन सेकंद होते. लेखी चर्चेत लाजरा माणूस वाक्य चार वेळा खोडून लिहू शकतो, ज्याचा वेग कमी आहे तो मागे राहत नाही, ज्याला ऐकू कमी येतं तो बरोबरीने भाग घेतो, आणि जे लिहिलं ते पुढच्या बॅचला वाचायला राहतं. ग्रुपवरच्या मेसेजचं तसं नाही, तिथे कालचा प्रश्न आज शंभर मेसेज खाली गाडला जातो. त्यामुळे माझा आता असा नियम झालाय की पटकनचं सगळं ग्रुपवर, लिंक कुठे, वेळ काय, वगैरे, आणि विषयातलं सगळं फोरमवर. कुणी ग्रुपवर विषयातलं विचारलं तर मी ते उचलून फोरमवर टाकते आणि तिथे उत्तर देऊन लिंक पाठवते. वेळ जातो त्यात, पण एकच उत्तर अकरा जणांना अकरा वेळा द्यावं लागत नाही.

स्वाध्यायांचं पण तेच. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं नाव घेतलं की सगळ्यांना टीव्हीवरचे रात्रीचे कार्यक्रम आठवतात. तिला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये जवळपास २५ हजार विद्यार्थ्यांनी सुरुवात केली. पण कार्यक्रमांपेक्षा तिथलं खरं बळ वेगळ्या जागी होतं असं माझं मत आहे, प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर दिलेला आणि तो ट्यूटर स्वाध्याय तपासून त्यावर लिहून परत पाठवायचा. पिटमनचंच काम, मोठ्या प्रमाणावर. आज ऑनलाइन स्वाध्याय अपलोड होतात आणि विद्यार्थ्याला काय परत मिळतं तर '१४/२०'. याचं तो काय करणार? रूथ बटलर यांचा १९८८ चा एक प्रयोग आहे, काही मुलांना फक्त शेरा दिला, काहींना फक्त मार्क आणि काहींना दोन्ही. ज्यांना नुसता शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं, आणि ज्यांना शेरा आणि मार्क दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा काही फायदा झाला नाही, कारण नजर मार्कांवरच जाते. हे वाचल्यापासून मी आधी शेरा पाठवते आणि मार्क आठवड्याने. आणि शेरा लिहायच्या ऐवजी बऱ्याचदा दीड-दोन मिनिटांची व्हॉइस नोट करते, नाव घेऊन, "तिसऱ्या गणितात तू वर्ग करायच्या आधी बेरीज केलीस, तिथे बघ". एका काकांनी, वय ५८, मला सांगितलं की ते ती नोट तीनदा ऐकतात, एकदा समजण्यासाठी आणि दोनदा नुसतीच. त्यांचा स्वाध्याय गेल्या चाळीस वर्षांत कुणी तपासून त्यांच्याशी बोललं नव्हतं.

यावर मॅनेजमेंटचं म्हणणं मला माहीत आहे, की इतक्या विद्यार्थ्यांना इतकं कोण करणार. बरोबर आहे, एक शिक्षक पाचशे जणांना नाही करू शकत. म्हणूनच मग शिक्षक नेमा, आणि फोरमवर उत्तर देण्याचे तास शिकवण्याचे तास म्हणून धरा. आज बहुतेक ठिकाणी लाइव्ह लेक्चरचा तास मोजला जातो आणि त्यानंतर रात्री दोन तास बसून दिलेल्या उत्तरांचा कुठे हिशोबच नसतो, त्यामुळे चांगले शिक्षक सुद्धा हळूहळू सोडून देतात. कॅमेरे आणि स्टुडिओवर होणारा खर्च बघितला की मला वाईट वाटतं. मोठमोठ्या विद्यापीठांच्या फुकट ऑनलाइन कोर्सचं आपण काय झालं बघितलं ना, एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्समध्ये २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच शेवटपर्यंत गेले. आता यातले बरेच नुसते बघायलाच आलेले असतात, त्यामुळे सगळा दोष कोर्सला देणं बरोबर नाही, पण व्हिडिओ उत्तम होते, शिक्षक जगातले नावाजलेले होते, तरी एवढेच, हे विसरून चालणार नाही.

आता हे चॅटबॉट आलेत, त्यांच्याबद्दल पण विचारतात. रात्री दोनला प्रश्न पडला आणि उत्तर मिळालं तर चांगलंच आहे, माझे विद्यार्थी वापरतात, मी नको म्हणत नाही, फक्त उत्तर चुकीचं असू शकतं हे सांगून ठेवते. पण त्याने माझं काम संपत नाही. विद्यार्थ्याने प्रश्न तिकडे विचारला की तो कुठे अडलाय हे मला कळायचं बंद होतं, आणि मग मी पुढच्या सत्रात तोच धडा तसाच शिकवणार जिथे सगळे अडतात. म्हणून मी म्हणते, तिकडे विचारा, पण काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते फोरमवर टाका, आपण बघू बरोबर आहे का. कधीकधी त्याचं उत्तर चुकलेलं सापडतं, आणि ते शोधताना विद्यार्थी जेवढं शिकतात तेवढं माझ्या लेक्चरला शिकत नाहीत.

संपादक महोदय, तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. दूरशिक्षणाच्या एखाद्या कोर्सची बातमी किंवा मुलाखत छापाल तेव्हा तुमच्या बातमीदाराने दोन प्रश्न विचारावेत, गेल्या सत्रात विद्यार्थ्यांनी किती प्रश्न विचारले आणि उत्तर मिळायला सरासरी किती वेळ लागला. हे आकडे बहुतेक प्लॅटफॉर्मच्या नोंदींतून काढता येतात. ज्या संस्थेला सांगता येणार नाहीत तिने ते कधी बघितलेच नाहीत असं खुशाल समजा आणि तसं छापा.

दुसरी गोष्ट म्हणजे, ज्यांनी एखादा कोर्स अर्धवट सोडला अशा वाचकांना तुम्ही लिहायला सांगा. का सोडला हे नका विचारू, त्याला सगळे वेळ नव्हता असंच म्हणतात, माझी ती विद्यार्थिनी पण आधी तेच म्हणाली होती. त्यांचा कुठला प्रश्न राहून गेला ते विचारा. संख्याशास्त्रातला असेल तर माझ्याकडे पाठवा, मी उत्तर देईन, ४८ तासांत.

आपली,
दूरशिक्षणातली एक शिक्षिका